एचडीसाठी कोणती छत्री घ्यावी? डीटीएच कंपन्यांचा तुलनात्मक आढावा

नवं डीटीएच कनेक्शन घ्यायचं ठरलं की बहुतेक जण आधी पॅक किती रुपयांचा आहे ते विचारतात. एचडीसाठी कंपनी निवडताना मात्र पॅकच्या किमतीत सगळ्यात कमी फरक असतो. खरा फरक पडतो तो छत्रीची दिशा, बॉक्स आणि तक्रार केल्यावर घरी येणारा माणूस या तीन गोष्टींत. म्हणून हा आढावा त्याच क्रमाने घेतो. पैशांचं मात्र आधीच उरकून टाकू.

पैसे: फरक कुठे पडतो, कुठे नाही

ट्राय या सरकारी दूरसंचार नियामकाची नवी दरपद्धती १ फेब्रुवारी २०१९पासून लागू झाली. तेव्हापासून प्रत्येक सशुल्क वाहिनीची कमाल किंमत ती वाहिनी चालवणारी कंपनी ठरवते, आणि डीटीएचवाल्याला त्याहून जास्त घेता येत नाही. म्हणजे स्टार प्रवाह एचडी किंवा झी मराठी एचडी सुटी घेतली, तर टाटा प्लेवर महाग आणि डिश टीव्हीवर निम्म्यात असं सहसा होत नाही.

कंपनीगणिक बदलतात त्या दोन गोष्टी. पहिली म्हणजे नेटवर्क कपॅसिटी फी, म्हणजे वाहिन्या घरापर्यंत पोहोचवण्याचं मासिक भाडं. सुरुवातीला पहिल्या १०० वाहिन्यांसाठी ₹१३० अधिक जीएसटी अशी तिची मर्यादा होती. २०२०मध्ये तेवढ्याच पैशांत २०० वाहिन्या द्याव्यात असं ठरलं, आणि जुलै २०२४मध्ये ट्रायने ही मर्यादाच काढून टाकली. आता कंपनी ही फी स्वतः ठरवते, ती प्रदेशानुसार वेगळीही असू शकते. दुसरी गोष्ट म्हणजे कंपनीने स्वतः बांधलेले पॅक. जाहिरातीतल्या आकड्यात फी आणि १८ टक्के जीएसटी धरलाय का, एवढा एकच प्रश्न फोनवर विचारा. खरी तुलना तिथेच होऊन जाते.

यात एक बारीक गळती बऱ्याच घरांत चालू असते. एकाच पॅकमध्ये त्याच वाहिनीची एसडी (साध्या चित्राची) आणि एचडी अशी दोन्ही रूपं घालायला नियमाने बंदी आहे. पण तुम्ही मूळ पॅक एसडीचा ठेवून वर एचडीचा वेगळा पॅक चढवलात, तर दोन्ही रूपं तुमच्या खात्यावर बसतात आणि पैसे दोन्हींचे जातात. अॅपमध्ये वाहिन्यांची यादी उघडा आणि स्टार प्रवाह, कलर्स मराठी, स्टार स्पोर्ट्स ही नावं दोनदा दिसताहेत का बघा. दिसली तर एसडी काढून टाका. कंपनी बदलून जेवढे वाचतील त्याहून जास्त पैसे इथे वाचण्याची शक्यता आहे.

मैदानात कोण आहे

डिश टीव्ही २००३ साली आली, ती देशातली पहिली खासगी डीटीएच सेवा. टाटा स्काय २००६मध्ये आली आणि जानेवारी २०२२पासून तिचं नाव टाटा प्ले झालं. सन डायरेक्ट २००७ची, एअरटेल डिजिटल टीव्ही २००८ची. व्हिडिओकॉनची डीटूएच २०१८मध्ये डिश टीव्हीत विलीन झाली. नाव आणि छत्री वेगळी राहिली तरी मालक एकच, त्यामुळे डिशला कंटाळून डीटूएचकडे जाणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. एअरटेल आणि टाटा प्ले यांच्या विलीनीकरणाच्याही वाटाघाटी चालल्या होत्या, पण मे २०२५मध्ये त्या थांबल्या. प्रसार भारतीची डीडी फ्री डिश या सगळ्यांपेक्षा वेगळी असल्याने तिच्याबद्दल शेवटी लिहितो.

छत्री कुठे बघते

हा भाग मी मुद्दाम लांबवणार आहे, कारण तुलनांमध्ये तो जवळपास कधीच नसतो, आणि कनेक्शन घेतल्यावर होणारी निम्मी डोकेदुखी इथूनच येते.

प्रत्येक कंपनीचा उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर, पण वेगवेगळ्या रेखांशावर उभा असतो. टाटा प्ले ८३ अंश पूर्व, डीटूएच ८८, डिश टीव्ही ९५, एअरटेल १०८.२. हे आकडे कोरडे वाटतील, पण मुंबईच्या गच्चीवर उभं राहून पाहिलं की त्यांचा अर्थ लागतो. टाटा प्लेचा उपग्रह दक्षिणेपासून थोडा पूर्वेकडे आणि क्षितिजापासून सुमारे ६५ अंश वर, म्हणजे चांगलाच उंच आहे. डिश टीव्हीचा जवळपास आग्नेयेला, साधारण ५६ अंशांवर. एअरटेलचा त्याहूनही पूर्वेकडे सरकलेला आणि जेमतेम ४४ अंशांवर. पुणे, नाशिककडे आकडे एखाद-दोन अंशांनी हलतील, क्रम तोच राहील.

याचा व्यवहारातला अर्थ असा की तुमच्या बाल्कनीसमोर आग्नेयेला दुसरी उंच इमारत असेल, तर एअरटेलच्या छत्रीला ती आडवी येण्याची शक्यता जास्त आणि टाटा प्लेच्या छत्रीला कमी. बाल्कनी थेट पूर्वेकडे असेल तर उलट होऊ शकतं. टाटा प्लेची दिशा तुमच्याच इमारतीच्या भिंतीआड जाते, एअरटेलची मोकळी राहते. पश्चिम किंवा उत्तरेकडच्या फ्लॅटला बाल्कनीतून यातलं काहीच मिळणार नाही. मग गच्चीवर छत्री आणि तिथपासून लांब केबल एवढाच मार्ग उरतो, आणि त्यासाठी सोसायटीची परवानगी आधी हवी.

छत्रीकडे बघून दिशेचा अंदाज घ्या, उंचीचा घेऊ नका. या छत्र्या अशा घडवलेल्या असतात की त्या दिसतात त्यापेक्षा बऱ्याच वर बघत असतात. ‘छत्री तर समोरच्या टाकीकडे रोखली आहे, सिग्नल येणार कसा?’ अशी शंका म्हणूनच बहुधा चुकीची ठरते. सगळ्यात सोपी चाचणी म्हणजे आपल्याच इमारतीत, आपल्याच बाजूच्या फ्लॅटवर कोणत्या कंपनीची छत्री नीट चालते ते विचारणं.

पावसाचाही इथेच संबंध येतो. डीटीएच केयू बँड नावाच्या रेडिओलहरींवर चालतं आणि या लहरी पावसाचे थेंब शोषून घेतात. उपग्रह जितका खाली, तितकी लहर पावसातून तिरकी आणि लांबून येते. त्यात एचडी वाहिन्या बऱ्याचदा अधिक माहिती कोंबणाऱ्या पद्धतीने पाठवल्या जातात, त्यांना स्वच्छ सिग्नल लागतो, म्हणून जोराच्या सरीत एचडी आधी जाते आणि एसडी थोडी तग धरते. कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहणाऱ्याने हा मुद्दा पॅकच्याही आधी विचारात घ्यावा. तिथे ८३ किंवा ८८ अंशांवरच्या उपग्रहाला थोडा नैसर्गिक फायदा आहे.

छत्रीचा आकारही विचारा. ६० सेंटिमीटरऐवजी ९० सेंटिमीटरची छत्री बसवली तर क्षेत्रफळ सव्वादोनपट होतं, आणि पावसासाठी सिग्नलचा तेवढा साठा हाताशी राहतो. थोडे जास्त पैसे गेले तरी पावसाळी भागात माझं मत स्पष्ट आहे: मोठीच घ्या.

मार्चच्या मध्याच्या सुमारास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस ठरावीक वेळी काही मिनिटं चित्र जातं, ते मात्र कंपनीचं पाप नाही. सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याच्या गोंगाटात सिग्नल हरवतो. हे सगळ्यांकडे होतं, फक्त वेळ वेगळी.

चित्र खरंच कोणाचं चांगलं

एचडी म्हणजे १९२० बाय १०८० ठिपके, एसडी म्हणजे ७२० बाय ५७६. एचडीचा ठप्पा सगळ्यांकडे सारखाच, पण एका ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे उपग्रहावरच्या एका प्रक्षेपकावर, किती वाहिन्या बसवायच्या हे कंपनी ठरवते. जास्त कोंबल्या की प्रत्येकीच्या वाट्याला कमी डेटा येतो. त्यामुळे एकच सामना दोन कंपन्यांवर वेगळा दिसू शकतो.

हा फरक कागदावर कळत नाही, डोळ्यांनीच पाहावा लागतो. ज्याच्याकडे ती कंपनी आहे त्याच्याकडे क्रिकेटचा सामना लावा. चेंडू सीमारेषेकडे धावतो, कॅमेरा झपकन वळतो, त्या क्षणी चेंडूकडे न बघता मैदानाच्या गवताकडे बघा. गवताची पाती वेगळी राहिली तर डेटा पुरेसा आहे. हिरवा लगदा होऊन चौकोन दिसायला लागले तर वाहिनी दाबून पाठवली जाते आहे. मालिकेत हीच परीक्षा पैठणीच्या काठावर होते. पात्र चालत असताना काठावरची नक्षी टिकते की विरघळते ते पाहा. पण टीव्ही एकाच आकाराचा असू द्या. ३२ इंची टीव्हीवर जे लपतं ते ५५ इंचीवर उघडं पडतं.

उपग्रहावरच्या जागेच्या बाबतीत टाटा प्लेची बाजू भक्कम आहे. जून २०२२मध्ये फ्रेंच गयानातल्या कुरूहून उडालेल्या जीसॅट-२४ उपग्रहाची संपूर्ण क्षमता याच कंपनीने भाड्याने घेतली. त्याच ८३ अंशांवर २०१२चा जीसॅट-१० आधीपासून होता. जास्तीची क्षमता केवळ चित्रासाठी नाही, अडीअडचणीलाही लागते. जुलै २०१०मध्ये इन्सॅट-४बी उपग्रहाचा वीजपुरवठा बिघडून निम्मे ट्रान्सपॉन्डर बंद करावे लागले, तेव्हा सन डायरेक्टच्या सेवेला मोठा फटका बसला होता.

आणखी एक, कंपनी बदलण्याआधी करायची गोष्ट. एचडी बॉक्स पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरने टीव्हीला जोडलेला असेल तर एचडी दिसणारच नाही, ती वायर एचडी वाहून नेत नाही. एचडीएमआय लावा, आणि बॉक्सच्या सेटिंगमध्ये चित्र १०८०आयवर (एचडीच्या १०८० रेषांवर) आहे का ते बघा. अनेक घरांत ते ५७६वर पडलेलं असतं आणि लोक वर्षानुवर्षं एचडीचे पैसे भरून एसडी बघत असतात.

मराठी प्रेक्षकाला एचडीत काय मिळतं

झी मराठी, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी या तिन्ही २०१६पासून एचडीत आहेत. सिनेमांसाठी झी टॉकीज एचडी आहे. मराठी बातम्यांचा कारभार बहुतांशी एसडीतच चालतो, त्यामुळे ‘सगळं एचडी’ पॅकच्या नादी लागू नका. टाटा प्ले, एअरटेल, डिश आणि डीटूएच यांचा महाराष्ट्रावर चांगला जोर आहे, मराठीसाठी त्यांचे वेगळे पॅकही असतात. सन डायरेक्टचा मुक्काम मुख्यतः दक्षिणेत. घरात तमिळ, तेलुगू किंवा कन्नड बघणारं कोणी असेल तर तिचा विचार जरूर करा, पण आपल्या मराठी एचडी वाहिन्या एकेक करून यादीत तपासा आणि मगच पैसे भरा.

बॉक्स

इथे थोडक्यात. एका कंपनीचा बॉक्स दुसरीकडे चालत नाही, म्हणून कंपनी बदलली की बॉक्सचा खर्च नव्याने येतो. टीव्ही आधीच स्मार्ट असेल तर साधा एचडी बॉक्स पुरे. टीव्ही साधा असेल तर एअरटेलचा एक्स्ट्रीम, टाटा प्लेचा बिंज प्लस, डीटूएचचा स्ट्रीम अशा इंटरनेट जोडता येणाऱ्या बॉक्सचा उपयोग होतो. त्यांच्या जोरावर छत्री काढून टाकायचा विचार क्रिकेटवेड्या घरात करू नये. इंटरनेटवरचा सामना छत्रीपेक्षा मागे असतो, शेजारच्या घरातली आरोळी आधी ऐकू येते आणि तुमचा फलंदाज नंतर बाद होतो.

फ्री डिश

मासिक भाडं शून्य, दूरदर्शनच्या सह्याद्रीसह बऱ्याच वाहिन्या, आणि एक मोठा फायदा: २००७च्या कायद्यामुळे भारताचे मायदेशातले महत्त्वाचे क्रिकेट सामने प्रसार भारतीलाही द्यावे लागतात. २०१७च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार ते चित्र दूरदर्शनच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवरच मिळतं, खासगी डीटीएचवरच्या दूरदर्शन वाहिनीवर नाही. पण झी मराठी एचडी, स्टार प्रवाह एचडी अशा सशुल्क वाहिन्या इथे नाहीत. गावाकडच्या घराला किंवा दुसऱ्या टीव्हीला ती उत्तम आहे, मोठ्या पडद्यावर एचडी बघायला बसणाऱ्या घराची गरज ती भागवणार नाही.

मग कोणती घ्यावी

जोराच्या पावसाचा भाग, दक्षिणेकडे मोकळी जागा आणि मोठा टीव्ही असेल, तर मी टाटा प्ले आधी बघेन. उपग्रह उंचावर आणि जागा भरपूर. बाल्कनी पूर्वेकडे आणि समोर मोकळं असेल, शिवाय घरात एअरटेलचंच ब्रॉडबँड असेल, तर एअरटेल सोयीची, सगळी बिलं एकत्र करणाऱ्या योजना ती देते. महिन्याचा खर्च आटोक्यात ठेवायचा असेल तर डिश आणि डीटूएचचे मराठी पॅक फी आणि कर धरून शेजारी मांडून बघा. त्यातही पावसाळी भागात डीटूएचला झुकतं माप द्या, ८८ अंशांमुळे.

दोन कंपन्या तुल्यबळ वाटल्या तर निकाल स्थानिक मेकॅनिकवर सोडा. तालुक्याच्या ठिकाणी एका कंपनीचा माणूस दुपारपर्यंत येतो आणि दुसऱ्या कंपनीचा चार दिवसांनी, हा फरक कोणत्याही पॅकपेक्षा मोठा आहे. आजूबाजूच्या दोन-तीन घरांत विचारलं की कळतं.

बसवायला माणूस आला की त्याला जाऊ देण्याआधी बॉक्सच्या मेनूत सिग्नलचं पान उघडायला सांगा. तिथे ताकद आणि गुणवत्ता अशा दोन पट्ट्या दिसतात. ताकदीची पट्टी भरलेली दिसली म्हणून समाधान मानू नका, पावसात कामाला येते ती गुणवत्तेची. ती आणखी वर जाते का हे बघायला छत्री तसूभर हलवून घ्या, पट्टी सर्वांत वर असतानाच बोल्ट आवळून घ्या. केबलच्या टोकाचे कनेक्टर उघड्यावर असतील तर त्यांवर टेप गुंडाळून घ्या, समुद्राजवळ तर नक्कीच, कारण तिथे ते गंजतात आणि मग दोष छत्रीवर जातो. शेवटी एक एचडी वाहिनी लावून टीव्हीवरच्या माहितीपट्टीत १०८०आय लिहून आलंय का ते वाचा आणि मगच पावतीवर सही करा.