एमजीबीच्या सिलसाठी ११,९५० पौंड मोजले, आत निघाला फोम

किती गेले ते आधी सांगतो: ११,९५० पौंड. १९७२ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश उघडी स्पोर्ट्स कार, मी घेतली ८,७५० पौंडांना, आणि तिच्या पत्र्याच्या कामासाठी, मुख्यतः सिल म्हणजे दाराखालच्या पोकळ पत्र्याच्या पट्टीसाठी, एका गॅरेजवाल्याला त्याहून जास्त पैसे दिले. त्याने काय दिलं? गंजलेल्या पत्र्यावर नवा पत्रा चिकटवला, पोकळीत फोम मारला आणि वरून सुंदर रंग काढून दिला. इंग्लंडात राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी माझ्या ओळखीतलेच दोघं सध्या अशी जुनी एमजी नाहीतर ट्रायम्फ शोधतायत, आणि दोघंही 'पत्र्याचं काम बाहेर देऊ' म्हणतायत. म्हणून हे लिहितोय. प्रकरण दाव्यात आहे, त्यामुळे नाव-गाव लिहीत नाही.

ॲडव्हान्स घ्यायचा, व्हॉट्सॲपवर फोटो टाकत राहायचं, हप्ता मागायचा, मग 'उघडल्यावर आत बरंच निघालं' म्हणून आणखी मागायचे. ही पद्धत सगळ्यांना माहीत आहे, मलाही होती. 'तू तर मेकॅनिकल इंजिनिअर, मग तुला कसं कळलं नाही?' हे भावापासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय, तेव्हा एकदाच उत्तर देतो. इंजिनाचं मला कळतं. एसयू कार्ब्युरेटर मी स्वतः जुळवतो, किंगपिनला ग्रीस मी भरतो, तेलाचा दाब किती हवा ते मला कुणी सांगायला नको. पण सिल ही बंद पेटी आहे. एकदा वेल्डिंग होऊन रंग बसला की कापल्याशिवाय आतलं कुणालाही दिसत नाही. चौकशीही मी केली होती. गाळ्यावर जाऊन आलो, तिथे तयार उभ्या असलेल्या दोन गाड्या हात लावून पाहिल्या, लेखी कोटेशन घेतलं, पावती लिमिटेड कंपनीच्या नावाची होती. याहून जास्त चौकशी किती लोक करतात?

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण फसवणूक नेमकी इथेच होते. एमजीबीला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांच्या वर गाड्या तयार झाल्या आणि बहुतेक सगळ्यांचा जीव दाराखालच्या या सिलमध्ये असतो. बाहेरचा पत्रा, मध्ये उभा पडदा, आतला पत्रा आणि खाली कॅसल रेल नावाची मजबुतीची पट्टी, अशी ती रचना. रोडस्टरला वर छप्पर नाही, त्यामुळे गाडी मध्ये वाकू न देण्याचं काम जवळपास सगळं सिलवर येतं. आत पाणी आणि रस्त्यावरचं मीठ साठतं, आणि ती आतून बाहेर कुजत येते. बाहेरून डाग दिसेपर्यंत आत काही उरलेलं नसतं.

सिल नीट बदलायची तर पुढचं मडगार्ड बोल्ट सोडून उतरवावं लागतं आणि मागच्या मडगार्डचा खालचा कोपरा कापावा लागतो, कारण सिल दोन्हीकडे आतपर्यंत गेलेली असते. कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत लोखंडी आधार ठोकावा लागतो, नाहीतर गाडी मधूनच बसते. जो म्हणेल 'मडगार्डला हात न लावता सिल करून देतो', त्याच्या दारातून तिथल्या तिथे मागे फिरा. तो फक्त दिसणाऱ्या भागावर झाकण लावणार आहे.

माझा सौदा ९,६०० पौंडांचा होता. दोन्ही सिल कॅसल रेलसकट, दोन्हीकडचे फ्लोअर, आणि मूळच्या टील ब्लूमध्ये रंग. ॲडव्हान्स २,४००. सिल झाल्याचे फोटो पाठवल्यावर ४,८००. गाडी ताब्यात देताना २,४००. हे सगळं लिहून घेतलेलं होतं.

आता तो फोटो. त्या संध्याकाळी एकदम सात-आठ फोटो आले. गाडी पूर्ण उघडी, राखाडी प्रायमर मारलेली, दोन्ही मडगार्ड उतरवलेली, दारात आधार लावलेला, आणि नव्या सिलवर ओळीने स्पॉट वेल्डिंगचे ठिपके. इतकं नेटकं काम की मी ते बायकोला दाखवलं. 'अहो, हीच का आपली गाडी? ओळखूच येत नाही,' ती म्हणाली. मी हसलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ४,८०० पौंड पाठवून दिले.

त्यातल्या एका फोटोत गाडीचा मागचा भाग खालून घेतलेला आहे. गाडीच्या मधून मागे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या बोगद्याच्या एका अंगाला बॅटरीची चौकट आहे आणि दुसऱ्या अंगाला सपाट पत्रा. बॅटरीला जागा एकच. १९७४पर्यंतच्या क्रोम बंपरच्या एमजीबीत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, सीटमागे, बोगद्याच्या दोन बाजूंना एकेक. रबर बंपर आले तेव्हा बारा व्होल्टची एकच झाली. माझी गाडी १९७२ची. तिच्या त्या दोन्ही बॅटऱ्या मी माझ्या हातांनी बदललेल्या होत्या, गुडघ्यावर बसून, तारा उलटसुलट होऊ नयेत म्हणून खुणा करून. आणि तरी तो फोटो माझ्या डोळ्यांसमोरून गेला. माझं सगळं लक्ष वेल्डिंगवर होतं, कारण पैसे मी वेल्डिंगचे देत होतो. राखाडी प्रायमरमध्ये उघडी एमजीबी कुणाचीही असो, सारखीच दिसते. हे त्यांना पक्कं ठाऊक असणार, म्हणूनच तर एकाही फोटोत नंबर प्लेट नव्हती, चासी नंबरची पट्टी नव्हती. तो फोटो अजून फोनमध्ये आहे. रात्री झोप लागत नाही तेव्हा मी तो मोठा करून ती रिकामी जागा पाहतो. ४,८०० पौंड तिथे अडवता आले असते.

फोटोवर कधीही हप्ता सोडू नका. मागायचंच तर सलग एका तुकड्याचा व्हिडिओ मागा, इंजिनजवळच्या जीएचएन५ने सुरू होणाऱ्या चासी नंबरापासून थेट सिलपर्यंत, मध्ये कट नको. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत तो कधी काढला याची मूळ नोंद राहत नाही, हेही ध्यानात ठेवा. सगळ्यांत बरं म्हणजे पत्रा बंद होण्यापूर्वी स्वतः जाऊन पाहणं. मी येतो म्हटलं तेव्हा 'विम्याच्या नियमामुळे गिऱ्हाइकांना आत घेता येत नाही' असं उत्तर मिळालं. सौदा ठरायच्या आधी मात्र त्याच गाळ्यात मला चहा दिला होता.

पुढचा घाव २,३५० पौंडांचा. 'पुढच्या चासी रेल गेल्यात, त्या न करता रंग दिला तर तुमच्याच जिवाला धोका.' मी पुरावा मागितला, तर सूरच बदलला. काम थांबवलंय, गाडी जागा अडवतेय, हिशेब मिटवा नाहीतर गाडी इथेच राहील. इथल्या कायद्याप्रमाणे केलेल्या कामाचे पैसे थकले तर गॅरेजला गाडी अडवून ठेवता येते, आणि काम खरंच झालंय की नाही हे बाहेर उभं राहून सिद्ध करणं अशक्य. लोक म्हणतात, द्यायचेच नाहीत. गाडी दुसऱ्याच्या कुलपात असताना हे बोलून दाखवा. मी दिले. ताबा घेताना उरलेले २,४०० दिले. चारही रकमा बँकेतून थेट पाठवल्या.

इथे आणखी एक जळजळीत गोष्ट. यातला नुसता ॲडव्हान्स जरी क्रेडिट कार्डावर दिला असता तरी कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टच्या कलम ७५खाली कार्ड कंपनी सगळ्या व्यवहाराला जबाबदार धरता आली असती. १०० पौंडांच्या वरची आणि ३०,००० पौंडांपर्यंतची किंमत या कलमात बसते. 'कार्डावर तीन टक्के जास्त पडतील, बँकेतून पाठवा' हे वाक्य कानावर आलं की त्यामागचं कारण समजून घ्या.

गाडी घरी आली तेव्हा दिसायला लाजवाब होती. मग चाकं काढायला म्हणून एका बाजूने जॅक लावला, आणि दार उघडून परत लावायला गेलो तर ते वरच्या कोपऱ्यात अडकलं. जॅक उतरवला, दार लागलं. पुन्हा चढवला, पुन्हा अडकलं. धडधाकट सिल असलेली गाडी अशी वाकत नाही. एमजीबी विकत घेताना प्रत्येकाने करावी अशी ही फुकटची परीक्षा आहे.

दुसऱ्या गॅरेजमध्ये १८० पौंड देऊन तपासणी करवली. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने रॅम्पवर गाडी घेतली, सिलवर बोटाने टकटक केली, मग चुंबक लावलं. दोन ठिकाणी ते चिकटलंच नाही, तिथे लांबी म्हणजे पुट्टी भरलेली. मग त्याने परवानगी विचारून स्क्रूड्रायव्हरचं टोक खालून दाबलं. डांबरी लेपाचा पोपडा निघाला आणि भोकातून पिवळा फोम बाहेर आला, गंजाचा भुगा चिकटलेला. फोटो मी त्यालाच दाखवले. त्याने चष्मा वर केला आणि विचारलं, 'हिची दुसरी बॅटरी कुठे आहे?'

चाळीस वर्षांवरच्या, मूळ रचनेत मोठा बदल न केलेल्या गाड्यांना २०१८पासून एमओटी, म्हणजे दरवर्षीची सक्तीची गाडी-तपासणी, लागत नाही. या माफीचं सगळ्यांना कौतुक आहे. पण त्यामुळे अशा कामाकडे तिसरा माणूस बघतच नाही. ५४.८५ पौंडांच्या वर फी घेता येत नाही, स्वखुशीने एमओटी करून घ्या, आणि शेवटचा हप्ता देण्यापूर्वी घ्या. सीटबेल्टच्या आणि सस्पेन्शनच्या जोडांभोवती ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा कुजलेला असेल तर तपासनीस गाडी नापास करतो.

आता यंत्रणांची कहाणी. पोलिसांना फोन केला. 'हा दिवाणी मामला.' दुसऱ्याच गाडीचे फोटो दाखवून ४,८०० उकळले, यात दिवाणी काय आहे? 'फसवणुकीची तक्रार वेगळ्या ठिकाणी नोंदवा.' नोंदवली. लांबलचक अर्ज, प्रत्येक रकमेची तारीख, फोटो जोडायला जागाच नाही. क्रमांक मिळाला. कितीतरी आठवड्यांनी पत्र आलं की तपासाला पुरेसे धागेदोरे नाहीत. गाळ्याचा पत्ता, माणसाचं नाव, बँकेचं खातं, सगळं मी दिलेलं, आणि धागेदोरे नाहीत! बँकेकडे गेलो. ऑक्टोबर २०२४पासून फसवून पाठवायला लावलेले पैसे ८५,००० पौंडांपर्यंत परत द्यायचा नियम आहे, तो दाखवला. उत्तर: समोरचा खरा व्यापारी आहे, त्याने काहीतरी काम केलंय, म्हणजे हा तुमच्या दोघांतला वाद, नियमात बसत नाही. म्हणजे पूर्ण खोटा माणूस भेटला असता तर पैसे मिळाले असते, अर्धा खोटा भेटला म्हणून नाही. व्यापाऱ्यांवर कारवाई करणाऱ्या खात्याशी सामान्य माणसाला थेट बोलताच येत नाही, आधी ग्राहकांच्या हेल्पलाइनला फोन करायचा. तिथली मुलगी फार गोड बोलली, 'माहिती पुढे पाठवली आहे' म्हणाली, आणि 'त्यांनी कारवाई केली तर तुम्हाला कळवतीलच असं नाही' हेही म्हणाली. प्रत्येकाने पुढच्याचा नंबर दिला, शेवटच्याने पहिल्याचा. इतकी वर्षं इथे न चुकता कर भरतोय, आणि चार ठिकाणच्या चार लोकांपैकी एकानेही 'फोटो पाठवा, बघतो' एवढं म्हटलं नाही.

राहता राहिलं कोर्ट. कन्झ्युमर राइट्स ॲक्ट २०१५प्रमाणे काम वाजवी काळजीने आणि कौशल्याने झालं पाहिजे, नसेल तर पुन्हा करून मागता येतं किंवा पैसे कमी करून मागता येतात. पण १०,००० पौंडांच्या वरचा दावा स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे लहान दाव्यांच्या सोप्या प्रक्रियेत, सहसा जात नाही. पूर्ण ११,९५० मागितले तर फी पाच टक्के, म्हणजे ५९७.५० पौंड, आणि हरलो तर समोरच्या वकिलाचा खर्च अंगावर. १०,०००वर थांबलो तर फी ४५५, पण १,९५० पौंडांवर मीच पाणी सोडायचं. मी १०,०००चा लावला.

दावा लावताना कंपनीज हाउसच्या, म्हणजे सरकारी कंपनी नोंदणीच्या, साइटवर नाव शोधलं, फुकट शोधता येतं. त्या कंपनीने नोंदणीतून नाव काढायचा अर्ज आधीच केलेला! असा अर्ज केला की सात दिवसांत प्रत्येक धनकोला प्रत द्यावी लागते, मला कुणी दिली नाही. त्याच संचालकाची दुसरी कंपनी, नावात एक शब्द बदललेला, पत्ता तोच गाळा. कंपनी बुडवायची, देणी तिच्याबरोबर बुडवायची आणि शटर दुसऱ्या दिवशी पुन्हा वर करायचं. ॲडव्हान्स देण्यापूर्वी संचालकाच्या नावावर क्लिक करून त्याच्या आधीच्या किती कंपन्या बंद झाल्यात ते मोजा. आणि 'फॉलो' करून ठेवा, काही बदललं की ईमेल येतो.

मी तपासणीचा अहवाल आणि दाव्याची प्रत जोडून हरकत नोंदवली. नाव काढण्याची प्रक्रिया सध्या थांबवली आहे. सिल पुन्हा करायचं कोटेशन ७,४०० पौंडांचं आलंय. निकाल लागेपर्यंत मी गाडीला हात लावू देणार नाही, कारण आतला फोम हाच माझा पुरावा आहे. ज्यांनी मिडलंड्समध्ये गेल्या दोनेक वर्षांत एमजीबीचं पत्र्याचं काम करून घेतलंय, त्यांनी पावतीवरचं कंपनीचं नाव आजच कंपनीज हाउसवर तपासा. नाव काढायचा अर्ज दिसला तर हरकत नोंदवा, त्याला पैसे लागत नाहीत. आणि राखाडी प्रायमरचे फोटो आले असतील तर त्यातल्या बॅटऱ्या मोजा. एकच दिसली आणि तुमची गाडी क्रोम बंपरची असेल, तर मला कळवा. एकाच गाडीचे फोटो आणखी कुणाला गेलेत हे दाखवता आलं, तर पोलिसांना हा दिवाणी मामला म्हणता येणार नाही.