नांदरुकाचं बोन्साय: गोव्यातला एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यानंतर

दिवाळीनंतर नवशिक्यांसाठीचा म्हणून एक संच घेतला होता: उथळ चकचकीत कुंडीत फायकस मायक्रोकार्पा, म्हणजे आपलं नांदरूक, सोबत अल्युमिनियमची तार आणि छोटी कात्री. आता त्या झाडाने आमच्या फोंड्याच्या घरी उन्हाळा आणि सगळा पावसाळा पाहिला आहे. माझं मत आधीच सांगते. झाड उत्तम, कात्री कामापुरती, तार ठीक, आणि माती टाकाऊ. गोव्यात बोन्साय जगतं की मरतं ते मातीवरच ठरतं, त्यामुळे तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

वरचे पांढरे खडे गोंदाने एकमेकांना चिकटवलेले होते. पाणी घातलं की खड्यांवरून कडेला ओघळायचं आणि बुंध्याजवळ कोरडंच. चमच्याच्या दांड्याने तो थर उचकटला, तर खाली चिकट मातीचा गोळा. अशी माती सुकली की पाणी आत घेत नाही आणि भिजली की सोडत नाही. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यात हा गोळा तसाच राहिला तर मुळं कुजायला वेळ लागत नाही.

मी मिश्रण घरीच केलं. विटांचा चुरा दोन भाग, कडक चिऱ्याची (जांभ्या दगडाची) बारीक खडी एक भाग, चांगलं कुजलेलं खत एक भाग. चुरा आणि खडी दोन्ही चाळून घेतली, दाणा ३ ते ६ मिलिमीटरचा ठेवला आणि खाली पडलेली धूळ पूर्ण फेकून दिली. चाळायचा कंटाळा करू नका, कारण हीच धूळ नंतर दाण्यांमधल्या फटी बुजवते. जपानची अकादामा माती लोक मोठ्या किमतीला मागवतात. नांदरुकाला तिची गरज नाही, चिरे आपल्या दारात आहेत.

कुंडी मे अखेरीस बदलली, वळवाच्या सरी सुरू झाल्यावर. मुळं सुटी करून लांब वाढलेली सुमारे एक तृतीयांश कापली, कुंडीच्या भोकांवर जाळी बसवली आणि त्याच भोकांतून तार ओवून झाड कुंडीला बांधलं. झाड हललं की नवी पांढरी मुळं तुटतात, म्हणून हे बांधणं महत्त्वाचं. पुढचे दोन आठवडे वसरीच्या सावलीत ठेवलं.

विकणाऱ्याने “टेबलावर ठेवा, शोभून दिसतं” असं सांगितलं होतं. ते ऐकू नका. हे उन्हात वाढणारं झाड आहे. आमच्याकडे पूर्वेच्या बाल्कनीत त्याला अकरापर्यंत ऊन मिळतं. एप्रिल-मे महिन्यांत दुपारची सावली हवी, कारण उथळ कुंडी लवकर तापते, आणि तेव्हा पाणी सकाळ-संध्याकाळ लागतं. एरवी बोट खुपसून बघायचं, वरचा थर सुकला असेल तरच खालून वाहीपर्यंत घालायचं. पावसात कुंडीच्या एका बाजूखाली विटेचा तुकडा सरकवून ती कलती ठेवली, पाणी साचलं नाही. मात्र पाऊस चालू आहे म्हणून निर्धास्त राहू नये. पालवी दाट झाली की सर पानांवरूनच बाहेर झडते आणि कुंडी कोरडी राहते. पावसाने खतही धुऊन जातं, म्हणून ते थोडं थोडं पण वारंवार दिलं.

आता आकाराचं. सुरुवातीचे महिने मी कात्री लावलीच नाही, फक्त झाड फिरवून बघत राहिले. बुंध्याची मुळं जिकडून छान पसरलेली दिसतात ती समोरची बाजू धरली. एस आकाराच्या खोडाला वळणाच्या बाहेरच्या अंगाची फांदी शोभते, आतल्या अंगाची काढून टाकावी. जूनपासून वाढ इतकी जोरात होते की फुटव्याला सहा ते आठ पानं आली की दोनवर छाटायचं, हे चालूच राहिलं. शेंड्याचा जोर जास्त असतो, म्हणून वर कडक छाटणी आणि खालच्या फांद्यांना मोकळीक. प्रत्येक कापावर पांढरा चीक येतो. ओल्या फडक्याने टिपला की थांबतो, हाताचा खोबरेल तेलाने निघतो.

तारेची जाडी फांदीच्या साधारण एक तृतीयांश हवी आणि वेढे ४५ अंशांत. संचातली १.५ मिलिमीटरची तार कोवळ्या फांद्यांना पुरली, खालच्या जाड फांदीसाठी ३ मिलिमीटरची वेगळी आणावी लागली. पावसाळ्यात फांदी भराभर जाड होते, तीन-चार आठवड्यांत तार सालीला टेकलेली दिसते. रुतायच्या आत काढायची, आणि उलगडत बसायचं नाही, प्रत्येक वेढा कापून काढायचा. उलगडताना फांदी मोडते.

जुलैत खोडाच्या वळणाखाली तांबूस पारंब्या फुटल्या, टोकं पांढरी आणि ओलसर. एका पारंबीला उभी चिरलेली स्ट्रॉ लावून मातीपर्यंत पोचवली, आता ती धरली आहे. घाटावर लोक त्यासाठी झाडाभोवती प्लास्टिक गुंडाळतात, आपल्याला ही दमट हवा फुकट मिळते.

त्रास एकच झाला. काही कोवळी पानं तिसऱ्यांच्या शिंपल्यांसारखी मिटायला लागली. उघडून पाहिलं तर आत काळे बारीक थ्रिप्स, म्हणजे फुलकिडे, आणि त्यांची अंडी. मिटलेल्या पानात फवारा पोचत नाही, म्हणून ती पानं खुडून पिशवीत बंद करून टाकली आणि नव्या पालवीवर निंबोळी तेल फवारलं.

शेजारच्या मावशी विचारतात, “बिचाऱ्याला असं खुजं का ठेवतेस?” त्यांना मी पालवी दाखवते. उपाशी झाडाला अशी पालवी येत नाही. छाटणी आपण जास्वंदीची आणि मोगऱ्याचीही करतो, आणि या झाडाकडे तर मी रोज डोळ्यांत तेल घालून बघते.

पहिलं झाड घेणाऱ्यांनी ज्युनिपर या सूचीपर्णी झाडाच्या वाटेला जाऊ नये, त्याला हिवाळ्याची थंड विश्रांती लागते, ती आपल्याकडे नाही. नांदरूक घ्या आणि घेताना कुंडी उचलून खालची भोकं बघा. खोड जाड हवं असेल तर त्या उथळ कुंडीत ते फारसं होणार नाही, त्यासाठी झाड काही वर्षं जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत मोकळं वाढवावं लागतं. छाटणीतली पेन्सिलीएवढी जाड फांदी पावसाळ्यात ओल्या मातीत खोचली तर सहज मूळ धरते. माझी अशीच एक आता कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) बांधाजवळ जमिनीत लावली आहे, आणि तिला निदान दोन पावसाळे कात्री लावायची नाही असं ठरवलं आहे.