सहा बाटल्यांची अरोमाथेरपी पेटी: चार कामाच्या, दोन नावाच्या

सांगलीत माझं छोटं पार्लर आहे. हल्ली गिऱ्हाइकं सारखी ‘ताई, अरोमा मसाज करता का?’ विचारतात, म्हणून नवशिक्यांसाठीची ही पेटी ऑनलाइन मागवली. सुगंधी तेलांच्या १० मिलीच्या सहा बाटल्या, एक पुस्तिका, किंमत ८९९ रुपये. लॅव्हेंडर, टी ट्री, निलगिरी, गवती चहा, गुलाब आणि चंदन. कंपनीचं नाव घेत नाही, कारण अशा पेट्या वेगवेगळ्या लेबलांखाली सगळीकडे मिळतात.

गवती चहा एक नंबर. आधणात पात टाकल्यावर येतो तोच वास, पण कितीतरी तिखट. दुपारी पार्लरमध्ये हेअर कलर आणि वॅक्सचा जो वास कोंडतो, त्याला डिफ्यूझरमधले, म्हणजे हवेत वास पसरवणाऱ्या यंत्रातले, चार थेंब पुरतात. निलगिरीही अस्सल वाटली, नाकात चांगली झोंबते. टी ट्री ठीक. लॅव्हेंडरवर मात्र माझा आक्षेप आहे. लेबलवर झाडाचं शास्त्रीय नावच नाही. खरं लॅव्हेंडर म्हणजे लॅव्हेंड्युला अँगस्टिफोलिया. त्याच्या संकरातून आलेलं लॅव्हेंडिन बरंच स्वस्त असतं आणि त्यात कापराचा वास जास्त येतो. या बाटलीत तो येतोय. वाईट नाही, पण मग तसं लिहा की!

आता गुलाब. एक किलो गुलाबतेल काढायला साधारण ३ ते ४ हजार किलो फुलं लागतात. म्हणजे १० मिलीला ३०-४० किलो. एवढी फुलं नुसती विकत घ्यायची म्हटली तरी अख्ख्या पेटीचे पैसे कमी पडतील, आणि हे म्हणतात गुलाब आणि निलगिरी एकाच भावात! कोऱ्या कागदावर एकेक थेंब टाकून ठेवला. निलगिरी दुसऱ्या दिवशी उडून गेली, डागसुद्धा नाही. गुलाबाचा तेलकट डाग भज्यांच्या कागदासारखा तसाच. शिवाय खरं गुलाबाचं तेल २० अंशांच्या आसपास गोठायला लागतं. मी बाटली रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली, सकाळी पाण्यासारखी पातळ. चंदनाला कागदाची परीक्षा लावत नाही, ते मुळातच जड असतं आणि सावकाश उडतं. पण चंदनाचा भाव कुणाला माहीत नाही?

गुलाबासारखा वास स्वस्तात हवा असेल तर सरळ रोशा गवताचं तेल घ्या, बाजारात पामारोसा म्हणून मिळतं. आपल्या खानदेशात त्याच्या भट्ट्या जुन्या. पूर्वी हे तेल मुंबईहून तुर्कस्तानपर्यंत जायचं आणि तिकडे गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरलं जायचं. भेसळीचंसुद्धा तेल चांगलं होतं बघा तेव्हा.

पुस्तिका छापलीय देखणी. त्यात रने-मोरिस गातफोसे या फ्रेंच रसायनतज्ज्ञाची गोष्ट आहे. १९१० मध्ये प्रयोगशाळेतल्या स्फोटात त्याचे हात भाजले, आणि १९३७ साली त्यानं अरोमाथेरपी याच नावाचं पुस्तक काढलं. पुस्तिका म्हणते, भाजल्याबरोबर त्यानं हात लॅव्हेंडरच्या पिंपात बुडवला आणि बरा झाला. त्यानं स्वतः लिहिलंय ते वेगळं: जखमा चिघळून गँगरीन सुरू झालं होतं, तेव्हा लॅव्हेंडरच्या तेलानं धुतल्यावर ते थांबलं. असो, गोष्टीला तिखटमीठ लागतंच.

पण पुढच्या पानावर ‘रोज कोमट पाण्यात निलगिरीचा एक थेंब घ्या’ असं लिहिलंय, ते वाचून डोकंच फिरलं. निलगिरी पिण्याचं तेल नाही. लहान मुलाच्या पोटात चमचाभर गेलं तरी फिट येऊ शकते. ‘थेट त्वचेवर लावा’ हेही चूक. पार्लरमध्ये मी ३० मिली बदाम तेलात १२ थेंब घालते, म्हणजे साधारण दोन टक्के, आणि चेहऱ्याला त्याच्या निम्मंच. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दुसऱ्या दिवशी बघायचं. घरात मांजर असेल तर टी ट्री तिच्यापासून लांबच ठेवा. थायरॉईड नि मधुमेहाचे दावे तर मी वाचायचेच सोडून दिले. एक गिऱ्हाईक म्हणाली, लॅव्हेंडरच्या मसाजनं डोकं उतरलं. तेलानं उतरलं की अर्धा तास फोन पर्समध्ये राहिल्यानं, देव जाणे.

पॅकिंगचं म्हणाल तर गडद तपकिरी काच आहे, ते बरोबर. पण रबराचा ड्रॉपर बाटलीतच दिलाय, आणि या तेलांच्या वाफेनं रबर फुगून चिकट होतं. निलगिरीचा झालासुद्धा. थेंब थेंब पडेल असं प्लॅस्टिकचं बूच बाटलीच्या तोंडाला हवं होतं.

पाचपैकी अडीच. पुन्हा ही पेटी नाही. गवती चहा, निलगिरी आणि रोशा सुटे मागवणार, तेही लेबलवर शास्त्रीय नाव आणि बॅच नंबर बघूनच. गुलाबाची बाटली सध्या फरशी पुसायच्या पाण्यात संपवतेय, तिथं मात्र झकास चालते.