बायोबँकेच्या शिबिराला आईला घेऊन गेलो होतो (अमळनेर तालुका) – ५ पैकी ४ स्टार

आमच्या गावच्या मराठी शाळेत बायोबँकेचं शिबिर लागलं होतं त्याचा अनुभव लिहितोय, संस्थेचं नाव देत नाही कारण पुढे एक तक्रार पण आहे. गावात बऱ्याच जणांना वाटलं ब्लड बँकेवाले आलेत, बाटलीभर रक्त घेतील, म्हणून निम्मे लोक आलेच नाहीत. तसं काही नसतं हो. चार छोट्या ट्यूब रक्त, डबीत लघवी, उंची-वजन, कमरेचा घेर, बीपी आणि मग तासभर नुसते प्रश्न. ते रक्त गोठवून वर्षानुवर्षं ठेवतात आणि माणूस काय खातो, काय काम करतो, कसल्या हवेत राहतो, पुढे त्याला कोणता आजार होतो हे सगळं त्या रक्ताशी जोडून बघतात.

मी का गेलो ते सांगतो. पप्पांना ३८ व्या वर्षी शुगर निघाली. अंगाने काडी, दिवसभर कपाशीत राबणारा माणूस, आणि दवाखान्यात जावं तर तोच कागद हातात, वजन कमी करा, चाला. कुठलं वजन कमी करायचं त्यांनी? शेवटची दोन वर्षं डायलिसिसला जळगावच्या चकरा मारण्यात गेली. तेव्हापासून डोक्यात एकच, बारीक माणसाला एवढ्या लवकर शुगर कशी काय होते.

तर शिबिरातले प्रश्न, यासाठी मी पूर्ण मार्क देतो. आईला विचारलं तंबाखू खाता का, ती लगेच "नही वो माय, मी तंबाखू नही खास." प्रश्न विचारणाऱ्या मुलीने फॉर्मवर 'नाही' लिहिलं असतं तर विषय संपला असता, पण ती थांबली आणि म्हणाली मावशी, मिश्री लावता का? "हाव, मिसरी ते लावस, सकाय-संध्याकाय." चाळीस वर्षांची मिश्री, आणि ती एका शब्दासाठी राहून गेली असती! असंच चुलीचं. घरात गॅस आहे का म्हटलं तर आहे, पण भाकरी चुलीवर आणि भरिताची वांगी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर भाजतो ना आपण, तो धूर कोण धरणार, तिने ते पण विचारलं. तेल चमच्यात नाही विचारलं, महिन्याला किती किलो आणि जेवणारी माणसं किती असं विचारलं, शेवभाजीवाल्या घरात हाच हिशोब खरा. मला विचारलं पाठीवर पंप घेऊन किती वर्षं फवारणी केली, तोंडाला रुमाल असतो का, मे महिन्यात उन्हात किती तास आणि पाणी किती पिता. इथे पारा ४५ च्या वर जातो, तो प्रश्न हवाच होता.

आई म्हणाली "मन्हं रगत कोठे ठेवतीन?" तर त्या टेक्निशियन दादांनी तिला मशीनमधून फिरवून काढलेली जांभळ्या झाकणाची ट्यूब उजेडात धरून दाखवली, वर पिवळं पाणी, खाली लाल आणि मधे पांढरी बारीक रेघ. म्हणे त्या पांढऱ्या रेघेतल्या पेशींमधून डीएनए काढतात, बाकी उणे ८० डिग्रीला फ्रीझरमध्ये. ट्यूबवर नाव नाही, फक्त बारकोड.

रांगेत एक काका म्हणाले ही तर सिकलसेलचीच तपासणी, चोपडा-नंदुरबारकडे करतात ती. नाही. सिकलसेल हा रक्ताचा आजार एका जनुकातल्या बदलाने होतो, तपासलं की कळतं आहे का नाही. शुगर-बीपीत शेकडो जनुकांचा थोडा थोडा हात असतो आणि वरून खाणं, काम, झोप, आईच्या पोटात असताना काय मिळालं ते सगळं, म्हणून हजारो-लाखो माणसं लागतात. ब्रिटनच्या यूके बायोबँकेने २००६ ते २०१० मध्ये ४० ते ६९ वयाची ५ लाख माणसं घेतली, पण त्यात बहुतेक गोरे, त्यावरून काढलेला आजाराचा रिस्क आपल्याला तेवढा नीट बसत नाही. आपल्याकडे पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. याज्ञिकांनी १९९३ पासून सहा खेड्यांतल्या आया आणि त्यांची मुलं बघितली तेव्हा दिसलं की आपलं बाळ जन्मतःच वजनाने कमी असतं, स्नायू कमी पण चरबी त्या मानाने जास्त. हे वाचलं तेव्हा मला पप्पाच दिसले. सरकारच्या जीनोम इंडिया प्रकल्पात १०,००० लोकांचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचून झालाय, जुलै २०२५ ला दिल्लीत सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेची राष्ट्रीय बायोबँक पण सुरू झाली, म्हणजे काम चालू आहे, पण त्यात आपल्या तापीकाठची माणसं पण पाहिजेत ना.

आता तक्रार. संमतीपत्र नऊ पानांचं आणि भाषा कोर्टातली. मी अडून बसलो तेव्हा नीट समजावलं, की नमुना फक्त याच अभ्यासाला द्यायचा की पुढच्याही, कंपन्यांना चालेल का यावर वेगवेगळी खूण करता येते, आणि कधीही माघार घेता येते, फक्त तोवर झालेल्या संशोधनातून माहिती परत निघत नाही. हे सगळ्यांना सांगा ना, मागणाऱ्यालाच का? कॉपी पण मागितल्यावरच दिली, तुम्ही मागाच. आणि साध्या तपासण्यांचा रिपोर्ट १५ दिवसांत देतो म्हणाले तो दोन महिन्यांनी आला, तोही मी चार फोन केल्यावर. त्यात आईची तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) ७.१, म्हणजे तिलाही शुगर निघाली. तिला काहीच त्रास नव्हता, आम्हाला पत्ताच नव्हता. पप्पांचं सगळं बघितलेलं असताना दोन महिने तो कागद कुठेतरी पडून होता याचा फार राग आला मला, एक स्टार त्याचाच कापलाय. जनुकांचा रिपोर्ट मात्र हातात देत नाहीत, ते आधीच सांगतात.

जाणार असाल तर उपाशीपोटी बोलावतात, रक्त दिल्यावर तिथे फक्त गोड चहा आणि बिस्किटं होती, शुगरवाल्यांनी घरून भाकरी-ठेचा बांधून न्या.