ठाणे खाडीचा गाळ: ग्रॅब की कोअर?

ट्रॉम्बेलगतच्या खाडीत सीझियम-१३७ (एक किरणोत्सर्गी पदार्थ) तपासायला गाळ काढायचे दोन मार्ग.

ग्रॅब म्हणजे दोरीला बांधलेला लोखंडी जबडा. तळाला टेकला की मिटतो, वरचा ५-१० सेंटीमीटर गाळ घेऊन येतो. दिवसभरात पुष्कळ जागा उरकतात. पण जबड्यात शिंपला अडकला की बारीक चिखल वाटेतच गळतो, आणि सीझियम चिकटतं नेमकं त्याच चिकणमातीला. आकडा उगाच कमी दिसतो. अर्धवट मिटलेला जबडा सरळ रिकामा करा, पुन्हा सोडा.

कोअर म्हणजे पाइपमध्ये थरांसकट उभा काढलेला गाळ. हे काम वेळखाऊ. ओहोटीला पीव्हीसी पाइप सावकाश दाबायचा, वर बूच घट्ट लावून उपसायचा. दाबताना गाळ आत चेपतो. म्हणून पाइपच्या आतली-बाहेरची पातळी मोजून ठेवा, नाहीतर खोलीचा हिशेबच चुकतो. २ सेंटीमीटरच्या चकत्या पाडा, कडा खरवडून टाका. वरचा गाळ पाइपला घासत खाली गेलेला असतो. अणुचाचण्यांचं सीझियम १९६३च्या सुमारास सर्वाधिक पडलं. तो थर ओळखता आला, तर त्यावरच्या थरांचं वय काढता येतं. ड्रेजिंगने (तळाचा गाळ यंत्राने उपसण्याने) ढवळलेल्या जागी हे विसराच.

आज वर काय साचलंय एवढंच हवं, तर ग्रॅब पुरे. आधीच्या दशकांचं काय गाडलं गेलंय, त्याला कोअरच लागतो. निकाल शेजारी मांडताना ६३ मायक्रॉनखालच्या कणांचं, म्हणजे सीझियम धरणाऱ्या बारीक चिखलाचं, प्रमाणही लिहा.