मे महिन्याच्या एका बिलावर मांडलेला पंचवीस वर्षांचा हिशोब

जून २०२४ मध्ये आमच्या कोल्हापूरच्या कळंब्यातील घरी एका सोलर विक्रेत्याचा प्रतिनिधी आला. त्याने दाखवलेल्या वीजबिलाच्या अंदाजावर विश्वास ठेवून आम्ही गरजेपेक्षा मोठी यंत्रणा कर्ज काढून बसवली. यंत्रणेबद्दल माझी तक्रार नाही. पॅनेल व्यवस्थित चालतात, नेट मीटर (महावितरणला दिलेली आणि त्यांच्याकडून घेतलेली वीज मोजणारा मीटर) वेळेत बसला आणि पीएम सूर्यघर योजनेचे ७८,००० रुपयांचे अनुदानही खात्यावर जमा झाले. फसवणूक झाली ती प्रस्तावाच्या दुसऱ्या पानावर, जिथे आमचे 'सध्याचे वार्षिक बिल' आणि 'युनिटचा दर' असे दोन आकडे छापले होते.

प्रतिनिधी वागायला नम्र होता. चहा झाल्यावर म्हणाला, "काकू, शेवटचं बिल तेवढं दाखवा की, बाकी सगळं मी बघतो." मी मे महिन्याचे बिल आणून दिले. त्या महिन्यात सासूबाई आजारी होत्या, त्यांच्या खोलीत रात्रभर एसी चालू असे, मुलगी नातवंडांसह सुट्टीला आली होती, आणि वापर ३४२ युनिटवर गेला होता. त्याने मोबाइलवर बिलाचा फोटो घेतला. त्याच बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराचा आलेख छापलेला असतो आणि त्यात मे महिन्याचा खांब इतरांपेक्षा किती उंच आहे हे नुसत्या नजरेला दिसते. परंतु त्याने बिल मधोमध दुमडून फक्त रकमेचा भाग समोर ठेवला होता. हे मला तेव्हा जाणवले नाही, नंतर आठवले.

चार दिवसांनी रंगीत प्रस्ताव हातात आला. मे महिन्याचे बिल, इंधन समायोजन (इंधनाच्या खर्चानुसार बदलणारा आकार) वगळून, ४,२५५ रुपये होते. त्याला १२ ने गुणून वार्षिक बिल ५१,०६० रुपये दाखवले होते. वीजदर १८.२४ रुपये प्रति युनिट, ३ किलोवॅटच्या यंत्रणेची निर्मिती वर्षाला ४,३८० युनिट, आणि या दोन आकड्यांचा गुणाकार, म्हणजे ७९,८९१ रुपये, हे 'वार्षिक उत्पन्न'. बिलापेक्षा उत्पन्न जास्त कसे, असे ह्यांनी विचारले, तेव्हा उरलेली वीज महावितरण त्याच दराने विकत घेते असे उत्तर मिळाले. खाली पंचवीस वर्षांचा तक्ता होता. दरवर्षी १० टक्के दरवाढ धरून एकूण बचत ५० लाखांहून अधिक दाखवली होती.

यंत्रणेची किंमत २,२५,००० रुपये सांगितली गेली. ६५,००० आम्ही घातले आणि १,६०,००० रुपयांचे कर्ज चार वर्षांसाठी घेतले, ज्याचा हप्ता ३,८३० रुपये बसला. "तुम्ही महावितरणला जेवढं भरता, त्यापेक्षा कमी बँकेला भरायचं, आणि चार वर्षांनी वीज फुकट," हे त्याचे वाक्य आम्हाला पटले, कारण ४,२५५ हा आकडा आमच्याच बिलावरचा होता. मी एकतीस वर्षे पतसंस्थेत काम केले. कर्जदाराच्या एका महिन्याच्या पगारावर मी कधी कर्ज मंजूर होऊ दिले नसते, आणि इथे एका महिन्याच्या बिलावर स्वतः सही केली, याचे मला आजही फार वाईट वाटते.

दसऱ्याच्या सुमारास यंत्रणा सुरू झाली. हप्ते सुरू झाल्यावर घरात पैशांची ओढाताण जाणवू लागली. बिल वाचले असेल तर हप्ता सहज निघायला हवा होता, मग तो जड का जातो, या प्रश्नाने मी तारेला खोचून ठेवलेली यंत्रणेआधीच्या वर्षाची सगळी बिले काढली आणि मे धरून बारा महिन्यांचे युनिट एका कागदावर लिहिले. डिसेंबरला १५०, ऑगस्टला १५२, जुलैला १५८, मार्चला २२२, एप्रिलला २६८. एकूण २,३१० युनिट. प्रस्तावाने आमचा वापर ३४२ गुणिले १२, म्हणजे ४,१०४ युनिट धरला होता.

दराची गोष्ट याहून गंभीर आहे, आणि ती समजून घेतली तर अशा प्रस्तावातील बहुतेक खोट पकडता येते. घरगुती वीज एका दराने मिळत नाही. २०२४-२५ मध्ये महावितरणचा वीज आकार पहिल्या १०० युनिटला ४.७१ रुपये, १०१ ते ३०० युनिटला १०.२९, ३०१ ते ५०० युनिटला १४.५५ आणि त्यापुढे १६.६४ रुपये होता. त्यावर प्रत्येक युनिटला १.१७ रुपये वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा), आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे पहिल्या शंभरांतील युनिट शुल्कासह ६.८२ रुपयांना, पुढच्या टप्प्यातील १३.२९ रुपयांना आणि तिसऱ्या टप्प्यातील १८.२४ रुपयांना पडत होते. प्रस्तावातील १८.२४ हा आकडा खरा होता, पण तो कोणत्या युनिटला लागतो हे लपवले होते. आमच्या घरात अख्ख्या वर्षात तिसऱ्या टप्प्यात गेलेले युनिट केवळ ४२, तेही त्या एका मे महिन्यातले. त्या ४२ युनिटचा दर ४,३८० युनिटना लावला गेला.

मी बारा बिलांच्या युनिटना टप्प्याटप्प्याने हे दर लावले. वर्षाचे बिल सुमारे २४,९०० रुपये आले, म्हणजे महिन्याला सरासरी २,०७७. त्यातही एक भाग सोलरने वाचत नाही: सिंगल फेजचा २०२४-२५ मधला १२८ रुपये स्थिर आकार आणि त्यावरचे शुल्क मिळून महिन्याला १४८ रुपये, एकही युनिट वापरले नाही तरी द्यावेच लागत होते. 'शून्य बिल' असे जो लेखी देतो, त्याने ही ओळ वगळलेली असते. हे वजा केले की आमची खरी वार्षिक बचत सुमारे २३,१०० रुपये होते, आणि वाचलेल्या प्रत्येक युनिटचे मोल साधारण १० रुपये.

आता उरलेल्या विजेबद्दल. नेट मीटरमध्ये आपण ग्रीडला, म्हणजे महावितरणच्या वीजजाळ्याला, दिलेले युनिट आपण घेतलेल्या युनिटमधून वजा होतात आणि शिल्लक पुढच्या महिन्यात जाते. ही शिल्लक आर्थिक वर्षाच्या अखेरीस, मार्चला, संपते. न वापरलेल्या युनिटचा मोबदला मिळतो, पण तो वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या बऱ्याच कमी दराने. आमचे पहिल्याच मार्चअखेरीस हजाराच्या वर युनिट शिल्लक राहिले आणि त्यांचा जो मोबदला मिळाला तो १८ रुपयांच्या जवळपासही नव्हता. शिवाय निर्मिती वर्षभर सारखी नसते. वळवाचे ढग आणि मग जून ते सप्टेंबरचा पाऊस ज्याने कोल्हापुरात पाहिला आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको. आमच्या यंत्रणेने मार्चमध्ये ४०२ युनिट दिले आणि जुलैमध्ये २१४. प्रस्तावात बाराही महिने सारखीच निर्मिती धरली होती.

२,३१० युनिटच्या घराला २ किलोवॅट पुरेसे होते. त्याच विक्रेत्याच्या दराप्रमाणे २ किलोवॅटचे १,५०,००० झाले असते, ६०,००० अनुदान मिळाले असते, आणि ९०,००० रुपये सुमारे चार वर्षांत वसूल झाले असते. ३ किलोवॅटला अनुदान वजा जाता १,४७,००० लागले, ते वसूल व्हायला व्याज न धरताही सहा वर्षांहून अधिक लागतील. तिसऱ्या किलोवॅटसाठी दिलेले ५७,००० रुपये ज्या विजेसाठी गेले, ती वीज वापरायला आमच्या घरात जागाच नाही.

दरवर्षी १० टक्के दरवाढीबद्दल एवढेच सांगते. दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो, त्यासाठी सुनावणी होते, आणि पुढची पंचवीस वर्षे अमुक टक्के वाढ होईल असा कोणताही आदेश नाही. २०२३-२४ मधून २०२४-२५ मध्ये जाताना पहिल्या टप्प्याचा दर ४.४१ वरून ४.७१ झाला, ती वाढ सात टक्क्यांच्या आत होती आणि वहन आकार तोच राहिला. प्रस्तावातील तक्त्यात पंचविसाव्या वर्षी आमच्या दोन खोल्यांच्या घराचे महिन्याचे बिल जवळपास ४२,००० रुपये येत होते. ती ओळ तक्त्यात होतीच. आम्ही फक्त खालची बेरीज वाचली.

हा सगळा हिशोब घेऊन आम्ही दोघे त्या कार्यालयात गेलो. प्रतिनिधी नोकरी सोडून गेला होता. मालकाने प्रस्तावाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेले 'आकडे अंदाजे आहेत' हे वाक्य बोटाने दाखवले. अंदाज हा शब्द मला मान्य आहे. पण ज्या बिलावर वर्षाचा आलेख छापलेला आहे, त्यातला सर्वांत उंच खांब उचलून बाकीचे झाकणे याला मी अंदाज म्हणणार नाही, आणि तसे मी त्यांना तोंडावर सांगितले. लेखी तक्रार दिली, पोच घेतली. पैसे परत मिळालेले नाहीत.

ज्यांच्या घरी सध्या असा प्रस्ताव आलेला असेल, त्यांनी सही करण्यापूर्वी महावितरणच्या ॲपवरून किंवा जुन्या बिलांवरून बारा महिन्यांचे युनिट काढावेत आणि विक्रेत्याकडून महिनावार तक्ता लेखी मागावा: त्या महिन्याचा वापर, त्या महिन्याची अपेक्षित निर्मिती, टप्प्यानुसार सध्याचा दर, उरणारा स्थिर आकार, आणि मार्चअखेर शिल्लक युनिटला धरलेला दर. दर आता बदललेले असतील, म्हणून माझे आकडे न घेता आपल्या ताज्या बिलामागचे घ्यावेत. दरवाढीचा टक्का शून्य धरून तोच तक्ता पुन्हा करून मागावा. आमच्या गल्लीतील एका कुटुंबाने मागच्या महिन्यात असा तक्ता मागितला, तर विक्रेत्याने दोनदा "करून देतो" म्हटले आणि तिसऱ्यांदा फोन उचलला नाही. त्या कुटुंबाची ॲडव्हान्सची रक्कम अजून त्यांच्याच खात्यात आहे. आमचे हप्ते २०२८ च्या दसऱ्यापर्यंत चालू राहतील.