एम-पेसा की यूपीआय?

स्वाहिलीत 'पेसा' म्हणजे आपला पैसाच. केनियात सफारीकॉम या मोबाइल कंपनीने 2007 मध्ये एम-पेसा, म्हणजे फोनवरून पैसे पाठवायची सेवा, सुरू केलं, तेव्हा तिथल्या बहुसंख्य लोकांचं बँकेत खातंच नव्हतं. नैरोबीत मजुरी करणारा माणूस कोपऱ्यावरच्या हिरव्या टपरीत रोख देतो, टपरीवाली वहीत नोंद करते, साध्या फोनवर एसएमएस येतो. मग पिन टाकून तो पैसे गावी आईला पाठवतो आणि ती तिथल्या टपरीतून नोटा घेते. इंटरनेट लागत नाही, बँकही नाही. मला यातली टपरी सगळ्यात मोलाची वाटते, कारण अडलं तर समोर बोलायला माणूस असतो.

आपलं यूपीआय 2016 चं. त्याला मुळात बँकखातं लागतं; जनधनने ती वाट आधीच केली होती. पण इथे कुठल्याही बँकेतून कुठल्याही बँकेत पैसे जातात आणि पाठवणाऱ्याला शुल्क पडत नाही. एम-पेसात पैसे पाठवताना आणि काढताना, दोन्हीकडे कात्री लागते. गरिबाला ती जास्त बोचते.

खाती असतील तिथे यूपीआयच. नसतील तिथे मात्र आधी टपरी हवी. साध्या फोनसाठी यूपीआय 123पे ही खास सोय आपल्याकडे 2022 मध्ये आली, फार उशिरा.